मुसलमान कोण, हे पोलीस ठाण्यात ठरू लागतं तेव्हा

बकरी ईद जवळ आली की पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. घरातला कर्ता माणूस जातो. समोर एक कागद ठेवला जातो. ईदच्या दिवसांत मी कुर्बानी करणार नाही, अशी हमी त्यात लिहिलेली असते. सही करा आणि घरी जा. सही केली नाही, किंवा सही करूनही घराच्या मागच्या अंगणात बोकड कापला, तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे उत्तर प्रदेशातलं किंवा मध्य प्रदेशातलं वाटेल. ईदच्या आधीच्या शांतता समितीच्या बैठका, सोसायटीत बोकड आणण्यावरून होणारी हुज्जत, दारात उभी राहणारी पोलिसांची गाडी, हे सगळं आपण ओळखतो. पण ही गोष्ट पाकिस्तानातल्या पंजाबची आहे. सही मागणारा पोलीसही मुसलमान आहे आणि तक्रार करणारा शेजारीही. ज्याच्याकडून सही घेतली जाते तो अहमदी आहे. 2025 च्या ईदुल अजहाआधी अशी हमीपत्रं घेतली गेली, त्यावर मानवाधिकार संघटनांनी आक्षेपही नोंदवला. त्याआधीच्या वर्षांतही कुर्बानी केली म्हणून अहमदींवर गुन्हे दाखल झालेले आहेत.

हा विषय निघाला की पहिला प्रश्न लिहिणाऱ्याच्या ईमानावरच येतो, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हजरत मुहम्मद (स.) हे अल्लाहचे शेवटचे पैगंबर आहेत, त्यांच्यानंतर कोणी नबी येणार नाही, हा आमचा अकीदा आहे. कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद (1835-1908) यांचा दावा आम्हाला मान्य नाही. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया, सगळ्यांचे उलेमा यावर एकमताचे आहेत. आपल्या समाजात एखाद्या मुद्द्यावर इतकं एकमत होणं ही तशी दुर्मिळच गोष्ट! त्यामुळे अहमदींचा अकीदा बरोबर की चूक, हा या लेखाचा विषयच नाही. एखाद्याचा अकीदा चूक आहे असं ठरल्यावर सरकारने त्याच्याशी कसं वागावं, हा विषय आहे.

पाकिस्तानात हे एका दिवसात झालं नाही. 1953 मध्ये लाहोरात अहमदींविरोधात मोठं आंदोलन पेटलं. त्यांना गैरमुस्लिम घोषित करा आणि परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना काढा, अशी मागणी होती. जफरुल्ला खान हे अहमदी होते आणि देशाचे पहिले परराष्ट्रमंत्री होते. दंगल इतकी वाढली की लाहोरात मार्शल लॉ लावावा लागला. नंतर न्या. मुहम्मद मुनीर आणि न्या. कयानी यांच्या चौकशी न्यायालयाने 1954 मध्ये अहवाल दिला. न्यायमूर्तींनी मोठमोठ्या उलेमांना एकच साधा प्रश्न विचारला होता: मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची व्याख्या धरली तर बाकीचे इस्लामच्या बाहेर जातात, असं न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं. तो अहवाल पाकिस्तानात नुसता धूळ खात पडला.

पुढचा टप्पा 1974 चा. मे महिन्यात रबवा रेल्वे स्थानकावर मुलतानच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आणि अहमदी तरुण यांच्यात मारामारी झाली आणि देशभर वणवा पेटला. सत्तेवर झुल्फिकार अली भुट्टो होते. समाजवादाच्या घोषणा देऊन निवडून आलेला हा माणूस, घरात पाश्चात्त्य राहणी. पण रस्त्यावरचा दबाव पाहून त्यांनी प्रश्न संसदेकडे नेला. बंद दाराआड संसद बसली, अॅटर्नी जनरल याह्या बख्तियार यांनी अहमदी जमातीच्या प्रमुखांची अनेक दिवस उलटतपासणी घेतली आणि 7 सप्टेंबर 1974 ला दुसरी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर झाली. अहमदी कायद्याने गैरमुस्लिम ठरले. यातली एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अहमदींमध्ये 1914 पासून दोन गट आहेत. त्यातला लाहोरी गट मिर्झा साहेबांना नबी मानत नाही, मुजद्दिद म्हणजे सुधारक मानतो. घटनादुरुस्तीत त्या गटाचंही नाव घालण्यात आलं.

या टप्प्यापर्यंतचा युक्तिवाद आम्ही समजू शकतो. अल्लामा इक्बाल यांनी 1935 मध्येच इंग्रज सरकारकडे मागणी केली होती की कादियानींना वेगळा समाज म्हणून नोंदवावं. जवाहरलाल नेहरूंनी त्यावर शंका घेतली तेव्हा इक्बाल यांनी 1936 मध्ये सविस्तर उत्तर दिलं. एक वेगळी ओळख, वेगळी नोंद, वेगळ्या मशिदी, इतकंच त्यात होतं. ज्यांची नमाज वेगळी, ज्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांची नोंद वेगळी असावी, असं म्हणणारा माणूस जुलमी ठरत नाही. इक्बालांच्या मागणीत तुरुंग मात्र कुठेच नव्हता.

तुरुंग आणला जनरल झिया उल हक यांनी. 26 एप्रिल 1984 च्या विसाव्या वटहुकमाने पाकिस्तान दंडविधानात 298-ब आणि 298-क ही कलमं आली. अहमदींनी आपल्या इबादतगाहला मशीद म्हणायचं नाही. अजान द्यायची नाही. सहाबी, उम्मुल मोमिनीन असे शब्द आपल्या माणसांसाठी वापरायचे नाहीत. आपल्या मताचा प्रचार करायचा नाही. स्वतःला थेट किंवा आडवळणाने मुसलमान म्हणवून घ्यायचं नाही, आणि ‘कोणत्याही प्रकारे’ मुसलमानांच्या धार्मिक भावना दुखवायच्या नाहीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘आडवळणाने’ आणि ‘कोणत्याही प्रकारे’ या दोन शब्दांत सगळा मामला आहे. सलाम केला, लग्नपत्रिकेवर बिस्मिल्लाह छापलं, कलिम्याचा बिल्ला लावला, कुर्बानी केली, यातलं काय गुन्हा आणि काय नाही, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते तक्रारदार आणि ठाणेदार ठरवतात.

डॉ. अब्दुस्सलाम यांच्या कबरीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. 1979 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. 1996 मध्ये इंतकाल झाला, दफन रबव्यात झालं. कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ अशा अर्थाचा मजकूर होता. त्यातला मुस्लिम हा शब्द सरकारी हुकमाने पुसला गेला. मेलेल्या माणसाने आडवळणाने मुसलमान म्हणवून घेतलं, असंच त्याचं कायदेशीर स्पष्टीकरण असणार.

या कायद्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा 1993 मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो वैध ठरवला. निकालातला एक दाखला वाचून आम्ही थक्क झालो. न्यायमूर्तींनी ट्रेडमार्कच्या कायद्याचा आधार घेतला आणि कोका-कोलाचं उदाहरण दिलं. ती कंपनी आपलं नाव दुसऱ्याच्या बाटलीवर लावू देत नाही, मग मुसलमानांनी आपल्या धर्माची चिन्हं दुसऱ्याला का वापरू द्यावीत, असा त्याचा आशय. आता कलिमा, अजान आणि कुरआन यांची तुलना शीतपेयाच्या लेबलाशी करणं यात दीनचा आदर आहे की दीनचा बाजार, हे वाचकांनीच ठरवावं. आम्हाला तर ही उपमाच अपमानाची वाटते. कंपनी आपलं नाव जपते कारण तिला माल विकायचा असतो. अल्लाहचं नाव कोणाच्या मालकीचं आहे?

त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता. अहमदींनी उघडपणे ही चिन्हं वापरली तर मुसलमान चिडतील आणि शांतता बिघडेल, म्हणून बंदी योग्य. हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. रस्त्यावरच्या नमाजला, भोंग्यावरच्या अजानला, घरातल्या सामूहिक नमाजलाही आपल्या देशात विरोध होतो तेव्हा याच भाषेत होतो. इतरांच्या भावना दुखावतील, वातावरण तापेल, तुम्हीच थोडं सांभाळून घ्या. म्हणजे दगड मारणाऱ्याला नाही, ज्याला दगड लागणार आहे त्याला नोटीस!

पाकिस्तानच्या व्यवस्थेचं समर्थन करणारे एक उत्तर नेहमी देतात. आम्ही त्यांना अल्पसंख्य म्हणून हक्क दिलेत, त्यांनी ती ओळख स्वीकारावी, कसलीच अडचण येणार नाही. हे तपासून पाहू. 2002 मध्ये मुशर्रफ यांच्या काळात संयुक्त मतदार यादी परत आली. हिंदू, ख्रिस्ती, शीख, पारशी सगळे मुसलमानांबरोबर एकाच यादीत आले. एकट्या अहमदींची यादी वेगळी ठेवली गेली. 2020 मध्ये अल्पसंख्याक आयोगावर अहमदी प्रतिनिधी घेण्याचा विचार मंत्रिमंडळापुढे आला आणि ओरड होताच मागे घेतला गेला. 2018 मध्ये इम्रान खान सरकारने अर्थतज्ज्ञ आतिफ मियाँ यांना आर्थिक सल्लागार परिषदेवर घेतलं आणि काही दिवसांतच ते अहमदी आहेत म्हणून बाहेर काढलं. त्या परिषदेत फिक्ह शिकवायचा नव्हता, महागाई आणि कर्जाचा हिशेब मांडायचा होता. मुसलमान म्हणून जागा नाही आणि अल्पसंख्य म्हणूनही नाही. हिंदूला मंदिर म्हणता येतं, ख्रिस्त्याला चर्च म्हणता येतं, अहमदीने आपल्या जागेला काय म्हणायचं ते सरकार सांगतं.

आणि हा कायदा फक्त अहमदींपुरता आहे, असंही नाही. पाकिस्तानात पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला एका निवेदनावर सही करावी लागते. खत्मे नबुव्वतवर ईमान आहे इतकं लिहून भागत नाही. मिर्झा गुलाम अहमद हे खोटे नबी होते आणि त्यांचे अनुयायी गैरमुस्लिम आहेत, हेही लिहून द्यावं लागतं. कराचीत कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतल्या आत्या-मावश्या तिथे नांदल्या. त्यांची मुलंबाळं आखातात नोकरीला निघतात तेव्हा त्यांनाही हीच सही करावी लागते. आपला अकीदा त्या वाक्याशी जुळतो, म्हणून हात अडखळत नाही. पण आपण मुसलमान आहोत हे अल्लाहला सोडून पासपोर्टच्या खिडकीवर सिद्ध करावं लागतं, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे.

जुम्याच्या बयानात हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. लढाईत एका माणसाने कलिमा म्हटला, तरी जीव वाचवण्यासाठी म्हणतोय असं समजून त्यांनी त्याला मारलं. पैगंबर (स.) यांना हे कळलं तेव्हा ते इतके दुखावले की उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं. माणसाच्या दिलात काय आहे हे तपासण्याचं काम माणसाला दिलेलं नाही, हा त्या प्रसंगाचा बोध आपले मौलवीच सांगतात. इथे कोणी म्हणेल, तो प्रसंग वेगळा, नबुव्वतीचा खोटा दावा मानणं वेगळं. मान्य. उलेमांनी फतवा द्यावा, जमातीने आपली सोयरीक, आपली मशीद, आपलं कब्रस्तान वेगळं ठेवावं. पण दिलाची तपासणी ठाणेदाराकडे सोपवा, असं कोणत्या फिक्हमध्ये लिहिलंय?

एकदा हे काम सरकारकडे दिलं की पुढचा नंबर कोणाचा, हेही पाकिस्ताननेच दाखवलं. 1953 आणि 1974 च्या चळवळींत शिया उलेमाही सुन्नींच्या खांद्याला खांदा लावून होते. सहा वर्षांनी, 1980 मध्ये, झियांनी बँक खात्यातून जकात कापायचा कायदा आणला तो हनफी फिक्हप्रमाणे. शियांनी मुफ्ती जाफर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली इस्लामाबादेत सरकारी कार्यालयांना वेढा दिला, तेव्हा कुठे सूट मिळाली. 1985 मध्ये झंगमध्ये सिपाह-ए-सहाबा ही संघटना उभी राहिली आणि तिची मागणी काय? शियांना गैरमुस्लिम घोषित करा. अहमदींसाठी वापरलेलाच साचा. त्यानंतर इमामबाड्यांवर, मोहर्रमच्या जुलुसांवर, क्वेट्ट्याच्या हजारा वस्त्यांवर किती हल्ले झाले ते जगाने पाहिलं. 2020 मध्ये पंजाब विधानसभेने ‘तहफ्फुजे बुनियादे इस्लाम’ नावाचं विधेयक मंजूर केलं, त्यातल्या तरतुदी आमच्या अकीद्यावर घाला घालतात असं शियांनी सांगितलं आणि गव्हर्नरांची सही अडली. ज्या देशाचे संस्थापक जिना हे खोजा शिया घराण्यात जन्मले, त्या देशातली ही गोष्ट आहे. ईशनिंदेच्या आरोपाखाली जे पकडले जातात त्यांत तर साधे सुन्नी मुसलमानही मोठ्या संख्येने आहेत. जमिनीचं भांडण, दुकानाची स्पर्धा, जुनी दुश्मनी, आणि हातात असा कायदा.

न्यायालयांनी मधूनमधून हात पुढे केला, हेही सांगायला हवं. जानेवारी 2022 मध्ये न्या. मन्सूर अली शाह यांनी एका खटल्यात निकाल दिला. अहमदींच्या इबादतगाहच्या आतल्या भिंतींवर कलिमा होता आणि आत कुरआनच्या प्रती होत्या, एवढ्यावरून ईशनिंदेची कलमंही लावण्याची मागणी होती. न्यायमूर्तींनी म्हटलं की घटनेने त्यांना गैरमुस्लिम ठरवलं असलं तरी नागरिक म्हणून हक्क काढलेले नाहीत. आपल्या इबादतगाहच्या चार भिंतींच्या आत त्यांना आपला धर्म पाळता आला पाहिजे. मोठं काही दिलं नव्हतं. चार भिंती दिल्या होत्या.

दोन वर्षांनी त्या चार भिंतींचं काय झालं पाहा. एका अहमदी माणसाला जानेवारी 2023 मध्ये अटक झाली. आरोप हा की त्याने 2019 मध्ये अहमदी जमातीची कुरआनची तफ्सीर वाटली. ज्या कायद्याखाली हा गुन्हा ठरला ती तरतूद आली 2021 मध्ये. 6 फेब्रुवारी 2024 ला सरन्यायाधीश काझी फाएझ ईसा यांच्या पीठाने त्याला सोडलं. कारण साधं होतं: कृत्य केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्याची शिक्षा देता येत नाही. उरलेल्या आरोपात फार तर सहा महिन्यांची शिक्षा होती आणि तो तेरा महिने तुरुंगात होता. एलएलबीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हाच निकाल देईल. पण वादळ उठलं. तहरीक-ए-लब्बैकच्या एका नेत्याने सरन्यायाधीशांच्या डोक्यावर एक कोटी रुपयांचं इनाम लावलं. जुलैत पुनर्विचारानंतरही न्यायालय मूळ निकालावर ठाम राहिलं, तेव्हा ऑगस्टमध्ये जमाव सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचला. 22 ऑगस्ट 2024 ला न्यायालयाने उलेमांना बोलावलं. मौलाना फजलुर रहमान स्वतः हजर झाले, मुफ्ती तकी उस्मानी व्हिडिओवरून बोलले. त्यांचं ऐकून न्यायालयाने आपल्याच निकालातले आक्षेप घेतलेले परिच्छेद वगळले. अहमदींनी आपल्या घरात, आपल्या संस्थांत खासगीरीत्या काय करावं याबद्दलचा भाग त्यांत होता.

मुफ्ती तकी उस्मानी यांच्या इल्मबद्दल आम्हाला आदर आहे, त्यांची पुस्तकं आपल्या मदरशांत वाचली जातात. तरीही त्या दिवशी जे घडलं ते पाहून वाईट वाटलं. बाहेर जमाव उभा आहे, न्यायाधीशांच्या डोक्याची बोली लागली आहे, आणि आत निकालाची दुरुस्ती चालली आहे, याला शरीअतचा विजय कसा म्हणायचा? इस्लामी इतिहासातल्या काझींच्या ज्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, त्यांत काझी खलिफालाही घाबरत नाही.

पुढच्या वर्षी, 18 एप्रिल 2025 ला, कराचीच्या सदर भागात जुम्याच्या दिवशी जमावाने अहमदींच्या इबादतगाहला वेढा घातला आणि एका माणसाला ठेचून मारलं. ऑक्टोबर 2025 मध्ये पाकिस्तान सरकारने तहरीक-ए-लब्बैकवर बंदी घातली, पण ती इस्लामाबादच्या दिशेने निघालेल्या मोर्च्यावरून, सरकारच्या स्वतःच्या अंगावर आल्यावर. 298-क जागच्या जागी आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने घटनात्मक खटले एका नव्या न्यायालयाकडे गेले आणि चार भिंतींचा निकाल लिहिणारे न्या. मन्सूर अली शाह राजीनामा देऊन घरी गेले.

आता आपल्याकडे येऊ. सीएएविरोधात बोलताना आपण विचारत होतो की पाकिस्तानातल्या छळाची एवढी काळजी आहे तर अहमदी आणि हजारा यांची नावं कायद्यात का नाहीत? प्रश्न बिनतोड होता, आणि 2024 च्या मार्चमध्ये नियम लागू झाले तेव्हाही उत्तर आलं नाही. पण फेब्रुवारी 2023 मध्ये आंध्र प्रदेश वक्फ बोर्डाने अहमदींना गैरमुस्लिम ठरवणारा ठराव केला, तेव्हा आपण काय केलं? केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने त्यावर राज्याला पत्र लिहिलं आणि जमियत उलेमा-ए-हिंदने बोर्डाची बाजू घेतली. अकीद्याच्या दृष्टीने जमियतची भूमिका आम्हाला परकी नाही. अडचण एवढीच की वक्फ बोर्ड ही दारुल इफ्ता नाही, ती सरकारी कायद्याने बनलेली संस्था आहे. आज तिला कोण मुसलमान हे ठरवू दिलं, तर उद्या त्याच कायद्यात बदल करणारं सरकार तो अधिकार कसा वापरेल, हे वक्फ कायद्याच्या ताज्या वादानंतर वेगळं सांगायला नको. कोण किती वर्षं इस्लाम पाळतोय हे दाखवल्याशिवाय वक्फ करता येणार नाही, अशी अट 2025 च्या दुरुस्तीत आलीच ना?

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नात वेगळा रस्ता धरला. 1922 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणि 1970 मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी अहमदींना कायद्यापुरतं मुसलमान मानलं. दोन्ही खटल्यांच्या मुळाशी प्रश्न होता की नवरा अहमदी झाला तर निकाह टिकतो का. आपल्या अनेक उलेमांना हे निकाल पटले नाहीत. पण त्यामुळे कुठल्या सुन्नी माणसाची नमाज बिघडली, असं आम्ही तरी ऐकलं नाही.

आणि वाळीत टाकणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. गावकीने टाकलेली घरं आपण पाहिली आहेत, जमातीने टाकलेलीही. त्यासाठी महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी, 1949 मध्ये, मुंबई प्रांताने समाजबहिष्कृत करण्यालाच बंदी घातली होती. दाऊदी बोहरांच्या सय्यदना साहेबांनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण जमातीबाहेर काढणं हा धर्माचा अंतर्गत अधिकार आहे असं न्यायालयाला वाटलं. फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने हा प्रश्न पुन्हा नऊ न्यायमूर्तींकडे पाठवला. जमातीने एखाद्याला बाहेर काढावं की नाही, यावर तिथे वाद होईल आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण 1962 च्या त्या निकालानंतरही ज्या बोहरा माणसाला जमातीने काढलं, त्याचं नाव मतदार यादीत इतरांबरोबरच राहिलं आणि बकरी ईदला त्याच्या घरी पोलीस आला नाही.